पुढच्या चाकाची घोडी

राजूर, ता. वणी
२१ जुलै २००५

बाबारावदादाले नलूचा जय भीम.

खुशाली मागून विचारीन, आधी काम. मले घोडी पायजे. पुढच्या चाकाची. लवकर पायजे.

आपलं गॅरेज वणीच्या रस्त्यावर, हे तुले माहीत आहे. कोळशाच्या ट्रकायनं हा रस्ता असा खाल्ला का खड्ड्यात म्हैस बसली त शिंगंच दिसतीन. जी गाडी येते तिचा पुढचा शॉकप गेलेला. कोळशाची भुकटी सीलात घुसते अन् तेल गळते. कापसाले भाव नाही त नवी गाडी कोण घेते? जुनीच ओढून राह्यले लोकं. म्हणजे काम आहे. पर पुढचं चाक उचलाले आमच्यापाशी काय आहे? चार विटा अन् एक धोंडा.

मागच्या महिन्यात एक बुलेट त्या विटायवरून सरकली अन् यायच्या, म्हणजे तुझ्या जवाईबापूच्या, हातावर आली. थोडं लागलं. आता बरं आहे. जास्त विचारू नको.

मी परवा यवतमाळले गेलती. स्पेरपार्टच्या दुकानात तीन तऱ्हेच्या घोड्या पाह्यल्या. तो दुकानदार म्हणे, "बाई, याला फ्रंट पॅडॉक स्टँड म्हणतात." मी म्हटलं, आमच्याकडं घोडी म्हणतात. तो म्हणे, "घोडी लग्नात लागते." मी म्हटलं, "मग ह्या काय तुझ्या वरातीले ठेवल्या का?" त्याच्यानंतर नीट दाखवल्या त्यानं.

एक हलकी, स्वस्तातली. अंगठ्यानं दाबली त हलते. एक मधली, लाल रंगाची, चांगली चमकते. एक भारी, ती मी हात लावून ठेवून देली, तेवढ्यात आमचा दिवाळीपर्यंतचा किराणा येते. आता तू सांग. हलकी घेऊ का मधली? का तूच करून देतं? इतके साल कापसाच्या जिनिंगमध्ये तू लोखंड जोडलं, एक घोडी काय तुले जड?

घाई याच्यासाठी, का जागेवाला वामनराव येऊन गेला. म्हणे, "नलूबाई, शटर असंच अर्धं पडून राह्यलं त दिवाळीनंतर मी जागा मोबाइलवाल्याले देतो." मी म्हटलं, "शटर पुरं उघडीन, तू डोळे उघडे ठेवजो." बोलून त गेली. आता उघडा लागते.

ममतावहिनीले जय भीम. मोनाली बारावीले आहे ना? तिले म्हणा अभ्यास कर, आमच्यासारखी चौथीत राहू नको.

तुझी बहीण
नलू


पुसद
३ ऑगस्ट २००५

नलूस जय भीम.

तुझं पत्र भेटलं. ममतानं अर्धंच वाचून दाखवलं अन् म्हणे, नलूबाई या वयात घोडीवर बसून कुठं चालल्या? पुढचं वाचलं तेव्हा कुठं समजलं. अक्षर मी मोठं काढलं आहे, तुले चष्मा नाही म्हणून.

आता ऐक. रंगावर जाऊ नको. ज्या जोडावर रंग जाड, त्याच्या खाली जोड कच्चा, हे समजून घे. पाईप उचलून पाह्य, वजन हेच त्याचं इमान. पाया रुंद पायजे, गाडी डोलली तरी घोडी डोलू नये. मागं दोन चाकं असतात, ते लोखंडी धुरीवर फिरले पायजे, नुसत्या खिळ्यावर नाही. वरचे दोन रबरी पेले फोर्काच्या, चाक धरणाऱ्या दोन नळ्यायच्या, बुडाले बरोबर बसले पायजे. दांडी खाली दाबली का गाडी वर जाते, एका माणसाचं काम. दांडी आखूड असंल त जोर जास्त लागते.

तू सांगतं त्याच्यावरून मधली घे. हलकी घेशील त पुन्हा विटायवर येशील.

मी करून देऊ शकत नाही. जिनिंग यंदा दोनच महिने चालली, मग कुलूप. माझं वेल्डिंगचं मशीन घरी धूळ खाऊन राह्यलं. हाताची सवय गेली. ज्याले जे जमत नाही ते त्यानं करू नये.

जवाईबापूच्या हाताले थोडं लागलं म्हणतं. थोडं म्हणजे कोणतं बोट?

तुझा
बाबाराव


राजूर
२२ ऑगस्ट २००५

दादा, जय भीम.

मधली आणली. मधली परत केली. तुझ्या सल्ल्याचं हे झालं.

पेल्यायवर फोर्क ठेवला, दांडी दाबली, गाडी वर. मले वाटलं झालं. चाक काढलं. मग सील बदलाले फोर्क काढा लागते, त फोर्क काढू कसा? गाडी उभीच फोर्कावर आहे! ज्या फांदीवर बसलो तीच कापा लागते. हे तुले कसं सुचलं नाही? वेल्डर म्हणवतं सोताले.

दुकानदाराले परत घे म्हटलं त म्हणे, "वापरलेला माल परत होत नाही." मी म्हटलं, "वापरता येत असता त आणलाच नसता." तो म्हणे, "घरच्या माणसाला पाठवा, बाई, यातलं तुम्हाला समजायचं नाही." मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसली अन् जे गिऱ्हाईक येईल त्याले सांगाले लागली का ही घोडी कोणत्या कामाची नाही. अर्ध्या घंट्यात घेतली वापस.

तेव्हा आता तूच करून दे. हाताची सवय गेली अन् फलाणं सांगू नको. सवय काय पाव्हणी आहे, गेली त येत नाही? मले अशी घोडी पायजे का चाकाचं काम असलं त फोर्काखाली लागंल, अन् फोर्काचं काम असलं त इंजिनाच्या खालून, फ्रेमीले लागंल. दोन घोड्या घ्याची ऐपत नाही. एकातच बसव.

माप टेपानं पाठव म्हणशील. टेपावर बारीक बारीक रेघा आहेत, त्या मले समजत नाहीत, अन् यायले विचारा लागते त यायले समजते का मी काय करून राह्यली. म्हणून सुतळी पाठवतो. निळ्या पत्रात काही घालू देत नाही पोस्टमास्तर, म्हणून लिफाफा आणला. एक गाठ आहे तितकं दोन फोर्कायच्या मधात. दोन गाठी जवळजवळ आहेत तितकी जमिनीपासून फोर्काच्या बुडाची उंची. तीन गाठी म्हणजे जमिनीपासून फ्रेमीची. गाडी मेन स्टँडवर उभी करून मापली आहे. तीनदा मापली.

हाताचं विचारलं त सांगून राह्यली, बरं आहे.

नलू


पुसद
८ सप्टेंबर २००५

नलूस जय भीम.

सुतळी भेटली. करतो.

तुझं बरोबर आहे, फोर्काचं माझ्या डोक्यातून गेलतं. खाली घोडी एकच राहीन, वरचा माथा बदलता येईल असा करतो. एक माथा दोन पेल्यायचा, एक माथा सपाट, फ्रेमीखाली लागणारा. मधात नळी अन् पिन. पिन काढली, माथा बदलला. पाईप जिनिंगच्या भंगारातला आहे, चांगला जाड, असा आता भेटत नाही.

टेपापेक्षा तुझी सुतळी बरी. बोटानं चाचपली का गाठ लागते. पाहून आईची याद आली. आपण दोघं भांडलो का आई आपल्या अंगठ्यायले एकाच सुतळीची सुरगाठ मारून बसवे. टोक ओढलं का सुटे. पर ज्यानं ओढली तो हरला. तू कधी ओढली नाही नलू. एकदा त दुपारपासून दिवा लागेपर्यंत बसली तशीच, मुतली तरी ओढली नाही. दर खेपेले मीच ओढली.

एक माप राह्यलं. दांडी कितीची करू? दाबणाऱ्याच्या कमरेले आली पायजे, नाही त पाठ जाते. जवाईबापू उंच आहेत हे माहीत आहे, पर अंदाजानं करत नाही. सुतळी पाठव.

दसऱ्याले दीक्षाभूमीवर भेटूच. तिथंच घोडी देऊन टाकीन.

तुझा
बाबाराव


राजूर
१९ सप्टेंबर २००५

दादा,

ही दांडीची सुतळी. हेच माप. यायचंच समज.

हे पत्र मोनालीच्या अक्षरात काहून होतं? हाताले मेंदी लावून बसला का? जिनिंगले कुलूप म्हणतं अन् चार ओळी लिहाले टाईम नाही. मोठा सायेब.

मुतल्याचं पोरीकडून लिहून घेतलं. लाज नाही तुले.

दसऱ्याले भेट. दर साली बसतो तिथंच, पुस्तकाच्या दुकानायच्या मागं.

नलू


राजूर
१७ ऑक्टोबर २००५

बाबाराव,

दसऱ्याले मी सकाळी आठापासून बसली. हे नाही आले, मी एकटी आली. किती लोकं आले अन् गेले, पुसदचे चार जण भेटले, त्यायले विचारलं त म्हणे बाबारावले दोन महिन्यात पाह्यलं नाही, घराबाहेर निघत नाही. मी भाकर सोडली नाही तुझ्यासाठी. चारले माझी गाडी होती तेव्हा सोडली अन् उभ्या उभ्या खाल्ली.

घोडी काल भेटली. तुमच्याकडच्या तांड्यावरच्या शंकरसिंगनं त्याच्या ट्रकात आणून देली. आणून देताना हसून राह्यला, म्हणे, "याडी," (त्यायच्यात आईले याडी म्हणतात) "भाईनं चांगली घोडी पाठवली, पर बनवली झोपेत."

मी उलटी करून पाह्यली. खरंच आहे त्याचं. हा जोड आहे का काय आहे? कोंबडीनं उकरल्यासारखं. कुठं गोळा, कुठं नुसता ठिपका, एका जागी त जोड सोडून बाजूच्या पाईपावरच टाका. तुझा जोड असा होता का लोकं बोट फिरवून म्हणत, बाबारावचा आहे. आता हा तुझाच आहे म्हणाले मले शरम लागते.

मले समजलं सारं. घराबाहेर निघत नाही, अक्षर पोरीचं, हात थरथरते. तू पिऊन राह्यला. जिनिंग बंद झाली अन् तू बाटली उघडली. बाप कसा गेला हे दोघायनं पाह्यलं, त्याच्या तिरडीपाशी आपण दोघायनं जे म्हटलं ते मी पाळलं, तू नाही पाळलं. ममतानं तुले घरात कसं ठेवलं?

दिवाळी पंधरा दिवसावर आली. ही घोडी गाडीखाली लावू का नको, मले भेव वाटते. एक गाडी एकदा पडली तेवढी पुरे आहे. पडली तेव्हा काय गेलं ते तुले काय सांगू.

जय भीम लिहाची इच्छा नव्हती, पर लिहितो.

नलू


पुसद
२६ ऑक्टोबर २००५

आदरणीय आत्या,
सविनय जय भीम.

हे पत्र मी बाबांना न सांगता लिहीत आहे. तुमचं मागचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. दारूचा भाग मी वगळणार होते, पण वाचताना थांबले आणि त्यांनी ओळखलं. म्हणाले, "सगळं वाच." मी वाचलं. "नलू रागात चांगलं लिहिते," एवढंच म्हणाले.

आत्या, बाबा पीत नाहीत. बाबांना दिसत नाही.

तुम्हाला माहीतच आहे, जिनिंगमध्ये मशीन बंद पडलं की मालक डोक्यावर उभे असत आणि बाबा घाईत काच न धरता टाका मारत. संध्याकाळी डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपत. आम्हाला ते रोजचंच वाटायचं. मार्चपासून त्यांना मधोमध काळा डाग दिसतो. ज्याच्याकडे बघतील तेच दिसत नाही, बाजूचं थोडं दिसतं. यवतमाळला डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, आतला पडदा भाजला आहे, हे परत येणार नाही. तुम्हाला कळवू नका असं बाबांनी बजावलं होतं. "तिचे ताप तिले कमी नाहीत," म्हणाले. उकंडाजी मामाजींच्या हाताला फार लागलं आहे हे त्यांना पहिल्याच पत्रात समजलं होतं. तुम्ही "जास्त विचारू नको" असं लिहिलं होतं ना, त्यावरूनच.

घोडी त्यांनी अंगणात बसून केली. महिना लागला. तुमची सुतळी पाईपावर ताणायची, गाठ बोटाने चाचपायची, तिथे खडूऐवजी करवतीने खाच पाडायची म्हणजे पुन्हा हाताला लागेल. जोडताना मी काळी काच धरून बाजूला उभी राहायचे आणि "उजवीकडे, अजून, आता" असं सांगायचे. जे टाके बाजूच्या पाईपावर पडले ती माझी चूक आहे, मी उशिरा सांगितलं. मग रंग देऊ या का, झाकलं जाईल, असं मी म्हटलं. बाबा म्हणाले, "नाही. जोड जसा आहे तसा दिसू दे, तिले पाहू दे." पूर्ण झाल्यावर एका टोकाला मी आणि आई उभ्या राहिलो आणि दुसऱ्या बाजूने बाबांनी घणाचे घाव घातले. जोड सुटला नाही. हे तीन वेळा केलं.

आणखी एक. दांडीची सुतळी आली तेव्हा त्यांनी ती उभी धरली, एक टोक पायाखाली दाबलं आणि गाठ कमरेखाली कुठे येते ते चाचपलं. पुन्हा एकदा चाचपलं. म्हणाले, "मोनाली, ही उकंडाजी जवाईबापूची कंबर नाही. ही नलूची आहे. गाडी आता नलू उचलून राह्यली." आणि दांडी वीतभर लांब केली, तुम्हाला जोर कमी लागावा म्हणून.

दसऱ्याला ते निघाले होते. स्टँडपर्यंत गेलो. "गर्दीत नलू समोर उभी राह्यली अन् मले ओळखता आली नाही त," असं म्हणाले आणि परत फिरले.

मी हे लिहिलं हे त्यांना कळू देऊ नका.

आपली
मोनाली


राजूर
२७ नोव्हेंबर २००५

बाबारावदादाले नलूचा जय भीम.

महिना झाला पत्र नाही. लिहाले घेतलं का दोन ओळीत पेन थांबे. आज बसली.

मोनालीले रागावू नको, तिनं मले काही सांगतलं नाही. जोडानं सांगतलं. मोनाली, हे वाक्य दोनदा वाच तुझ्या बापाले.

आधी माझं खोटं. यायचा उजवा हात गेला, दादा. हात जागेवर आहे, पर मूठ वळत नाही. पाना धरता येत नाही, भाकर मोडता येत नाही. मनगटाची हड्डी चुरली होती. मी थोडं लागलं लिहिलं, कारण ते लेटर टाकाच्या आधी हे वाचतीन असं वाटलं, अन् पुरं लिहिलं असतं त यायनं ते वाचलं असतं. तुले खोटं लिहिलं ते यायच्यासाठी लिहिलं.

तुझी घोडी दोन हप्ते भिंतीले टेकून होती. दिवाळीच्या दोन दिवस आधी एक जण शॉकप गळते म्हणून आला. यायनं रस्त्याकडं तोंड केलं. मी गाडी मेन स्टँडवर घेतली, सपाट माथा बसवला, पिन टाकली. तो गिऱ्हाईक म्हणे, "काकू, तुम्ही?" मी म्हटलं, "का, तुझ्या गाडीनं बाईले हात न लावू द्याची शपथ घेतली का?" दांडीवर हात ठेवला अन् पुन्हा काढून घेतला. तुझ्या जोडायचं भेव नाही. विटायची याद.

दाबली. दादा, एवढा कमी जोर लागला का मी पुढं झोकांडीच खाल्ली. गाडी वर. हलवून पाह्यली, डोलत नाही. चाक काढलं. फोर्क सैल केला, तेव्हा मागून आवाज आला, "आधी वरचा नट सैल कर, मग खालचा." यायनं तोंड फिरवलं होतं. हात गेला तेव्हापासून ते माझ्याशी गाडीबद्दल बोलले नव्हते. मग स्टूल ओढून जवळच बसले. तेल किती टाकाचं, सील कसं सरळ बसवाचं, सारं सांगतलं. डाव्या हातानं दिवा धरला. सील बसलं तेव्हा म्हणे, "वाकडं आहे." मी म्हटलं, "वाकडं नाही." म्हणे, "वाकडंच आहे, काढ." काढलं. वाकडंच होतं.

वामनराव दिवाळी झाल्यावर चावी मागाले आला, सोताच्याच गाडीवर. तिचाही पुढचा शॉकप गळून राह्यलता. त्याच्या देखतच घोडी लावली, गाडी वर घेतली. तो खाली वाकून जोड पाहे, म्हणे, "नलूबाई, हे कोणी जोडलं? फारच गावठी काम आहे." मी म्हटलं, "माह्या भावानं जोडलं. बुलेट उचलते. तुझा मोबाइलवाला काय उचलते?" त्यानं बोट फिरवून पाह्यलं. चावीचं नाव काढलं नाही. शटर आता पुरं उघडं राह्यते.

आता ते दुसरं. तुले मी जे लिहिलं, बापाचं नाव घेऊन लिहिलं, ते लिहून गेलं. माफी कशी लिहितात ते मले येत नाही, तो धडा लागाच्या आधीच माझं नाव शाळेतून कटलं. तू जे जमत नाही ते करू नये म्हणतं, अन् तेच केलं. माझ्यासाठी केलं. मी त्याले कोंबडीचं उकरणं म्हटलं. आता रोज सकाळी शटर उघडलं का त्या जोडायवरून बोट फिरवतो. डोळे मिटून फिरवतो. कोणता टाका मोनालीनं उशिरा सांगतला ते मले आता समजते.

मोनाली, इथून पुढचं वाचून झालं का लिफाफ्यातली सुतळी बाबाच्या हातात दे. तू काही सांगू नको त्याले.

दादा, पत्र पोरीकडून ऐकतं, पर ही सुतळी तूच वाच. जितक्या गाठी आहेत तितक्या गाड्या आतापर्यंत तुझ्या घोडीवर उचलल्या. मोजून घे. एकही पडली नाही. मोठी गाठ आहे ती बुलेटची.

अन् सगळ्यात शेवटी, टोकापाशी, गाठ नाही. तिथं बोट थांबव. तिथं सुरगाठ होती. मी मारली अन् मीच ओढली. सुतळी जुनी असली का गाठ सुटते, पर वळ राह्यते. लागंल तुझ्या बोटाले.

तुझी बहीण
नलू